बागायतातली साखर आणि रक्तातली साखर

नीरा उजव्या कालव्याचे पाणी फलटणच्या माळावर खेळू लागले आणि या अवर्षणी मुलखाचे रूपच पालटले. ज्वारी-बाजरीवर गुजराण करणारा शेतकरी उसाचा बागायतदार झाला. साखर कारखान्यावरून नाव पडलेली साखरवाडी याच तालुक्यातली. पाण्यामुळे घरात पैसा आला, पक्की घरे उभी राहिली, मुले शिकली. पण बेताबाहेर पाणी दिले की काळ्या रानात जसे क्षार वर येतात, तसे या सुबत्तेबरोबर घराघरांत एक दुखणे वर आले आहे. त्याचे नाव मधुमेह.

क्षारांची उपमा मुद्दाम दिली. रान चोपण होऊ लागते तेव्हा पहिली काही वर्षे डोळ्यांना काहीच दिसत नाही. पांढरी खपली दिसते तेव्हा उत्पन्न कधीच घटलेले असते. मधुमेहाचे तसेच आहे. फार तहान, वरचेवर लघवी, वजन उतरणे, जखम न भरणे ही लक्षणे पुष्कळदा उशिरा येतात. तोवर डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडाला आणि पायांच्या नसांना इजा सुरू झालेली असते. म्हणून लक्षणांची वाट पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

हा शहरी रोग नव्हे

‘मधुमेह गादीवर बसणाऱ्याला, आपण कष्टाची माणसे,’ असे गावात अजून ऐकू येते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे पहिले निष्कर्ष 2011 साली आले. त्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शंभर प्रौढांमागे सुमारे साडेसहा जणांना मधुमेह आढळला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशभराच्या आकड्यांनुसार भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो. आपली बाळे वजनाला हलकी, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली निघाली. वरून बारीक आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण पुढे मधुमेहाला वाट करून देते. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेर मोजणेही गरजेचे आहे.

घरच्या घरी जोखमीचा हिशेब

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या पथकाने 2005 साली भारतीयांसाठी गुणांची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. शिंप्याची टेप घ्या आणि हिशेब मांडा.

वय 35 च्या आत असल्यास 0, 35 ते 49 असल्यास 20, पन्नास व पुढे 30. कमरेचा घेर पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत 0, 90 ते 99 असल्यास 10, शंभर व पुढे 20. बाईचा 80 च्या आत 0, 80 ते 89 असल्यास 10, नव्वद व पुढे 20. अंगमेहनतीचे काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असतील तर 0, एकच असेल तर 20, दोन्ही नसतील तर 30. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास 10, दोघांनाही असल्यास 20.

बेरीज 60 वा अधिक झाली तर जोखीम मोठी. समजा, बागायतदाराचे वय 52, कंबर 94, शेतीची कामे ट्रॅक्टरवर आणि मजुरांवर, बांधापर्यंतही मोटारसायकल, आणि आईला मधुमेह. हिशेब 30, 10, 30, 10, म्हणजे 80. या गृहस्थांनी उद्याच दवाखाना गाठावा. वय आणि आईबाप बदलता येत नाहीत, पण कंबर आणि कष्ट आपल्या हातात आहेत.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात होते. आशाताई घरी येऊन माहितीचा अर्ज भरतात, उपकेंद्रात रक्त तपासले जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा असे होऊ देऊ नका.

उपाशीपोटी साखर शंभराच्या आत असावी. 100 ते 125 म्हणजे उंबरठा, आणि 126 वा अधिक म्हणजे मधुमेह. मात्र लक्षणे नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. घरच्या यंत्रावरून निदान ठरवू नये, त्यासाठी प्रयोगशाळेत शिरेतले रक्त द्यावे. उंबरठ्यावरच्यांनी खचून जाण्याचे कारण नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या एका अभ्यासात अशा लोकांपैकी नुसत्या साध्या सल्ल्यावर सोडलेल्या शंभरातल्या 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार सुधारून नियमित चालणाऱ्यांत हे प्रमाण 39 वर राहिले.

नमुना नीट घ्यावा

मातीचा नमुना खताच्या ढिगाखालून वा झाडाच्या बुंध्याशी घेऊ नये, हे आम्ही विस्तार अधिकारी वर्षानुवर्षे सांगत आलो. नमुना चुकला की अहवाल चुकतो. साखर मोजण्याच्या घरगुती यंत्राचेही, म्हणजे ग्लुकोमीटरचेही, तेच आहे.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. गुऱ्हाळावर काम केलेल्या, ऊस खाल्लेल्या किंवा केळे सोललेल्या बोटावरचा गोडवा रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि यंत्र खोटाच मोठा आकडा दाखवते. सुई बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावी, म्हणजे दुखत कमी आणि कामात अडचण येत नाही. बोट फार पिळू नये. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी, मुदत पाहावी, उन्हात वा चुलीजवळ ठेवू नये. एकाची सुई दुसऱ्याने, अगदी नवरा-बायकोनेही, वापरू नये. त्यातून काविळीसारखे रोग पसरतात.

यंत्राचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा शेकडा पंधरापर्यंत मागेपुढे होऊ शकतो. दोनशे असेल तर यंत्र 170 ते 230 च्या दरम्यान काहीही दाखवील. म्हणून एका आकड्याने घाबरून जाऊ नये आणि हुरळूनही जाऊ नये. वहीत तारीख, वेळ, खाणे आणि आकडा लिहावा व ती वही डॉक्टरांना दाखवावी.

पट्ट्या महाग असतात. इन्शुलिन घेणाऱ्याला रोज तपासणे भाग असते. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्याला बहुधा रोजची गरज नसते. किती वेळा तपासायचे ते डॉक्टरांना विचारावे. कमी पट्ट्यांत अधिक कळावे यासाठी जोडीने मोजावे: एकदा जेवणापूर्वी आणि एकदा जेवायला बसल्यापासून दोन तासांनी. मधुमेहीची साखर साधारणपणे जेवणापूर्वी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत असावी. म्हाताऱ्या माणसांसाठी डॉक्टर थोडी सैल मर्यादा ठरवतात.

ताटात काय

जोडीने मोजले की पुष्कळ गैरसमज आपोआप गळतात. ‘गुळाने साखर वाढत नाही’ हा त्यातला पहिला. गूळ, काकवी, मध सगळ्यांनी वाढते. 1968 साली फलटणला सुरू झालेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीच्या ताटांपासून काकवीसारखा पाक तयार केला. शेतीच्या दृष्टीने ते मोलाचे काम आहे. पण मधुमेहीच्या रक्ताला तोही पाक साखरच.

दिवसाकाठी दोन चमच्यांचे सहा चहा म्हणजे सुमारे साठ ग्रॅम साखर पोटात जाते. एवढे जरी थांबवले तरी वहीत फरक दिसेल. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही मोजून. सोबत मटकी, हुलगा, पालेभाजी, ताक भरपूर. एकादशीचा साबुदाणा आणि बटाटा हा उपवास नसून पिठूळ पदार्थांची मेजवानीच आहे.

साखर उतरली तर

इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांना उलटा धोकाही असतो. रात्रीची वीज आली म्हणून जेवण टाकून गडी मोटारीवर जातो, बारे देत पहाट होते, आणि अंगाला दरदरून घाम, हातांना कापरे, डोळ्यांपुढे अंधारी. साखर 70 च्या खाली गेली की तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, सुधारणा नसेल तर पुन्हा घ्यावी आणि मग थोडे जेवावे. खिशात साखरेची पुडी ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, तडक दवाखान्यात न्यावे.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत जाते. वाटचालीत साखर लवकर उतरते. मधुमेही वारकऱ्याने डॉक्टरांकडून औषधाचे माप ठरवून घ्यावे आणि अनवाणी चालू नये. शेतातही तेच. नसा बधिर झालेल्या पायाला काटा टोचल्याचे कळतच नाही. जखम चिघळते आणि बोट किंवा पाय गमवावा लागतो. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांसह पाहावेत. वाकता येत नसेल तर तळव्याखाली आरसा धरावा, नाहीतर नातवंडांना पाहायला सांगावे.

उन्हाळ्यात वीज गेली तर इन्शुलिन पाणी शिरणार नाही अशा डबीत घालून मातीच्या मडक्यात ठेवावे, मडके बाहेरून ओले राखावे. बर्फात मात्र कधीही ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

घरच्या लक्ष्मीचा नंबर

शेवटी एक कळकळीचे सांगणे. घरात सर्वांना वाढून शेवटी जेवणारी बाई स्वतःच्या दुखण्याचा नंबरही शेवटीच लावते. गरोदरपणी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर 140 वा अधिक आली तर उपचार लागतात. हे टाळले तर बाळाला धोका, आणि बाळाच्या पुढच्या आयुष्यालाही. अशा मातेने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावे व पुढेही तपासत राहावे, कारण तिला मधुमेह होण्याचा संभव मोठा असतो.

उसाला खत घालण्यापूर्वी आपण मातीचा अहवाल मागवू लागलो, त्याला बरीच वर्षे लागली. रक्ताच्या बाबतीत तेवढा काळ घालवणे परवडणारे नाही. या आठवड्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाची कंबर मोजा, गुणांची बेरीज करा आणि साठापुढे गेलेल्यांना घेऊन उपकेंद्रात जा. जाताना घरातल्या बाईला आधी न्या.