शेजाऱ्याची आगळीक आणि कायदा

उभ्या मोटारसायकलीची टाकी शेजाऱ्याच्या हातून चेपली, आरसा मोडला, तर हमरीतुमरीवर येण्यापूर्वी छायाचित्रे घेऊन गॅरेजवाल्याकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज मिळवावा. कारण पुढील फिर्यादीस वा तडजोडीस तोच आधार होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ अन्वये हेतुपुरस्सर केलेल्या नुकसानीस सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि नुकसान २० हजार ते एक लाखाच्या आत असल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निव्वळ अनवधान या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. तरी निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास भरपाई मागता येते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास स्वतःच्या वाहनाचा खर्च त्यातून मिळत नाही. तडजोड झाल्यास ती उभयतांच्या सह्यांनिशी लेखीच करावी.