पॉवर मीटर बंद पडलं, आता नवीन कोणतं घ्यायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघायचेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, थोडं साफसूफ करून.

तर झालं असं. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला सहा आठवडे उरलेले आणि माझ्या ट्रायथलॉन बाइकचं पॉवर मीटर गेलं. चूक माझीच. पावसात पवनारपर्यंत राइड केली, बाइक चिखलाने भरली, आणि मी ती मोटरसायकल धुतात तशी प्रेशरच्या पाण्याने धुतली. बॅटरीच्या झाकणाची रबरी रिंग आधीच सैल होती. पाणी आत गेलं, दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर शून्य.

मित्र म्हणाला, "काऊन एवढं टेन्शन घेतं बे? मीटरशिवाय सायकल चालत नाही का?" चालते ना भाऊ. पण ही रेस म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावणं. २०१९ मध्ये गोव्यात ही पहिल्यांदा झाली, पणजीच्या मिरामार बीचवर. सायकलवर जोश दाखवला की त्याचं बिल धावताना येतं, तेही भर उन्हात. मागच्या वर्षी शेवटचे आठ किलोमीटर मी चालत काढले. ते मला परत नको होतं.

स्पीड बघून अंदाज येत नाही, कारण समोरून वारा आला की स्पीड पडतो. हार्ट रेट उशिरा वाढतो, आणि उकाड्यात तेवढ्याच मेहनतीला जास्त दिसतो. वॉट मात्र लगेच सांगतात की तुम्ही आत्ता पेडलवर किती जोर लावताय. १९८६ मध्ये जर्मनीच्या उलरिख शोबेरर या इंजिनिअरने सायकलसाठी असं मीटर बनवलं. तत्त्व आजही तेच आहे. जोर लावला की धातू अगदी किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेली स्ट्रेन गेज नावाची बारीक पट्टी ते मोजते. हा जोर आणि पाय फिरण्याचा वेग यांचा हिशोब म्हणजे वॉट.

आता नवीन कोणतं घ्यायचं? सगळे आधी कंपनी विचारतात. मी म्हणतो, आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: बसणार कुठे?

डाव्या क्रँकवरचं मीटर सहसा सर्वात स्वस्त पडतं. स्टेजेस, फोरआय यांची अशी मीटर आहेत. पण डावा क्रँक तुमच्या उजव्या क्रँकशी जुळणारा हवा; शिमानोच्या जागी स्रॅमचा बसत नाही. शिवाय मीटरची डबी क्रँकच्या आतल्या बाजूला असते, ती फ्रेमला घासत नाही ना, हे आधी मोजा.

स्पायडर, म्हणजे उजव्या क्रँकला चेनरिंग जोडणारा भाग. तिथलं मीटर, उदाहरणार्थ क्वार्क, दोन्ही पायांचा जोर मोजतं. पण एकदा बसवलं की ते त्याच बाइकवर राहतं.

मागच्या चाकाच्या हबमधलं मीटर ट्रायथलॉनवाल्यांना अडचणीचं. रेससाठी दुसरं चाक लावलं की मीटर घरी राहिलं.

पेडलमधलं मीटर, फवेरो असिओमा किंवा गार्मिन रॅलीसारखं, पान्याने दहा मिनिटांत दुसऱ्या बाइकवर जातं. मी सेवाग्रामकडे सरावाला जुनी रोड बाइक नेतो आणि रेसला ट्राय बाइक, म्हणून मी दोन्ही बाजूंचं पेडल घेतलं. तोटेही ऐका: बाइक पडली की पहिला मार पेडलला, आणि बुटाखालच्या क्लीट बदलाव्या लागू शकतात. बसवताना लक्षात ठेवा, डावं पेडल उलट्या आट्याचं असतं.

दुसरा प्रश्न: बिघडलं तर काय?

आपण सिंदी मेघेत राहतो. इथे पॉवर मीटर दुरुस्त करणारं दुकान मला सापडलं नाही. म्हणून भारतातलं बिल आणि वॉरंटी असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्यूटी आणि परत पाठवायचा खर्च धरूनच किंमत बघा. आणि पत्त्यात 'सिंदी (मेघे), वर्धा' पूर्ण लिहा, पिनकोड तपासा. माझं पार्सल दोन दिवस सिंदी रेल्वेला फिरून आलं!

तिसरा प्रश्न, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा: जुने आकडे नव्या मीटरवर चालतील का?

नाही चालणार. इथेच मी फसणार होतो.

माझं जुनं मीटर फक्त डावा पाय मोजून त्याची दुप्पट करायचं. त्यावर माझा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी पॉवर, २१० वॉट होता. नवीन पेडलने दाखवलं की माझा डावा पाय ५२ टक्के काम करतो आणि उजवा ४८. म्हणजे खरे २०० वॉट असताना जुनं मीटर २०८ दाखवायचं. मी वीस मिनिटांची टेस्ट परत दिली, सरासरीचे ९५ टक्के काढले. आले २०२.

खरं सांगू? वाईट वाटलं. एवढे पैसे घातले आणि आठ वॉट गेले! पण ते माझ्याकडे कधी नव्हतेच.

आता हिशोब बघा. माझा प्लॅन एफटीपीच्या ८० टक्क्यांवर चालवायचा. जुन्या आकड्याने ते झाले १६८ वॉट. पण खऱ्या २०२ च्या मानाने १६८ म्हणजे ८३ टक्के. बरोबर आकडा १६२. सहा वॉट काहीच वाटत नाहीत, पण ९० किलोमीटर ते जास्तीचे सहा वॉट ढकलले की परत चालत यायची वेळ.

अजून दोन सेटिंग तपासा. पेडल मीटरला अ‍ॅपमध्ये क्रँकची लांबी सांगावी लागते. माझा क्रँक १६५ मिलिमीटरचा, अ‍ॅपमध्ये आधीपासून १७२.५ होतं. एवढ्यानेच २०० चे २०९ दिसतात. टेस्ट द्यायच्या आधी हे बघितलं म्हणून वाचलो. दुसरं, झिरो कॅलिब्रेशन. तापमान बदललं की स्ट्रेन गेजचा शून्य सरकतो. घरातून बाइक बाहेर काढली की दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कॅलिब्रेट करा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच. बॅगेतून बाइक नेऊन पेडल परत लावले, तर आधी दोन-चार जोरदार स्प्रिंट मारा, ते नीट बसू द्या, मग कॅलिब्रेट करा. रेसच्या सकाळीही एकदा.

तर दोस्तांनो, महागडं मीटर घ्या की स्वस्त, ते रोज सारखंच मोजत असलं पाहिजे, आणि तुमचा प्लॅन त्याच मीटरवरच्या टेस्टमधून आलेला हवा. रेसच्या आदल्या आठवड्यात मीटर बदलू नका. हातात निदान महिना ठेवा.

गोव्याला अजून तीन आठवडे आहेत. बाइकच्या टॉप ट्यूबवर मी चिकटपट्टी लावलीय, त्यावर एकच आकडा लिहिलाय: १६२. कोणी मागून भुर्रकन पुढे गेलं तर जाऊ द्यायचं.

तुमचा क्रँक कोणता, बाइक किती, बजेट किती, हे लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. आणि हो, बाइक बादलीच्या पाण्याने धुवा!