औंध संस्थान : पंतप्रतिनिधींची गादी

• हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. पुण्याचं औंध वेगळं.

• 'प्रतिनिधी' हे पद छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीत निर्माण केलं. मान अष्टप्रधानांच्याही वरचा. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आलं. विशाळगडचे प्रतिनिधी याच घराण्याची कोल्हापूरकडची शाखा.

• क्षेत्रफळ सुमारे ५०१ चौरस मैल, तेही तुकड्यातुकड्यांत : औंध, आटपाडी, कुंडल. तोफांची सलामी नाही.

• भवानराव ऊर्फ बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ यांनीच दिला. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

• १९३९ : गांधीजींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना. ग्रामपंचायतींच्या पायावर उभा कारभार प्रजेच्या हाती. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा.

• आटपाडीजवळ स्वतंत्रपूर, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच.

• मार्च १९४८ : मुंबई प्रांतात विलीन.

• बाळासाहेबांच्या श्रीभवानी चित्रसंग्रहालयात आजही राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं 'माता आणि मूल' हे शिल्प पाहता येतं.