कानांनी पाहिलेलं क्रिकेट

आमच्या पनवेलच्या घरात पडवीच्या कोनाड्यात रेडिओ होता. कोनाडा खरं तर देवांचा. पण कसोटीचे पाच दिवस देव थोडे बाजूला सरकत. समोर नाना, म्हणजे माझे वडील, डोळे मिटून बसलेले. काचबिंदूनं त्यांची दृष्टी चाळिशीतच गेली होती, तेव्हा डोळे मिटायची काही गरज नव्हती. तरी मिटायचे. “असं नीट दिसतं,” म्हणायचे.

त्यांना दिसायचं ते बाळ ज. पंडितांच्या आवाजातून. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगायचं, हे त्यांनी मनावर घेतलं आणि वर्षानुवर्षं केलं. इंग्रजी न येणाऱ्या घराघरांत त्यामुळे क्रिकेट शिरलं. आमच्या आजीला ‘लेग बिफोर’ जन्मात कळलं नसतं. ‘पायचीत’ म्हटल्याबरोबर ती विचारी, “मग मेल्यानं पाय मध्ये घातलाच कशाला?” हा प्रश्न मोठमोठ्या फलंदाजांनाही लागू होता!

मुंबईत या कलेची सुरुवात इंग्रजीत झाली. १९३४ साली बॉबी तल्यारखान माइकसमोर बसले, ते दिवसभर एकटेच बोलत. पुढे आकाशवाणीनं तिघांनी मिळून समालोचन करावं असं ठरवलं, तेव्हा त्यांनी माइक सोडला. दुसऱ्याबरोबर वाटून घेतला नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या डॉजर्स संघाचे व्हिन स्कली १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम बोलले. तेही बहुधा एकटेच. मोठा क्षण आला की ते गप्प राहत आणि प्रेक्षकांच्या गर्जनेला बोलू देत. नुसतं बोलणं पुष्कळांना जमतं. गप्प कधी बसावं हे थोड्यांना.

मग आमच्याकडे टीव्ही आला. सगळे तिकडे वळले, नानाही खुर्ची ओढून आमच्यात बसू लागले. पण टीव्हीवरचा समालोचक आपल्याला दिसतंय हे धरूनच बोलणार. “सुंदर फटका!” म्हणून तो मोकळा. “अरे, पण कुठं गेला?” नाना विचारत. सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी “चौकार!” म्हणून ओरडायचो. नाना थांबायचे. “चौकार कळला रे. क्षेत्ररक्षक कुठं होता? पुढं येऊन मारला की मागं जाऊन?” मला सांगता यायचं नाही. डोळे धड असून मी पाहिलंच नव्हतं.

एके दिवशी चिडून म्हणालो, “नाना, दरवेळी काय विचारता?” त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. खुर्ची हळूच पडवीत गेली. ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये पंडित पुण्यात गेले. नाना त्याआधीच गेले होते. पुढे आयपीएल मोबाईलवर मराठीतून ऐकायला मिळू लागलं, तेव्हा नातवानं कौतुकानं मला लावून दिलं. मी पडवीत जाऊन बसलो, मोबाईल कोनाड्यात उपडा ठेवला आणि डोळे मिटले. पाचव्या मिनिटाला नातू म्हणाला, “आजोबा, झोपलात?”

“नाही रे,” म्हटलं, “चेंडू कुठं गेला ते बघतोय.”