लायब्ररी कोण मागतं, कोण आणतं : सी प्रोग्रॅमच्या लोडरवर पाळत

सीमध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, जीसीसीने कंपाइल केला आणि चालवला, तरी पडद्यावर ‘नमस्कार’ उमटण्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. प्रिंटएफ आपण लिहिलेलं नाही, ते लिबसी या शेअर्ड लायब्ररीत आहे. कर्नल आपली फाईल उघडतो. तिच्यात लोडरचं नाव लिहिलेलं असतं, म्हणून आधी लोडर सुरू होतो. लोडर गरजेच्या लायब्रऱ्यांची यादी वाचतो, एकेक शोधून मेमरीत बसवतो, आणि मग कुठे आपल्या मेनची पाळी येते. आज आपण या लोडरवर पाळत कशी ठेवायची ते पाहणार आहोत.

उदाहरण आपल्या रोजच्या कामातलंच घेऊ. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये ‘युनिकोड’ हा पर्याय निवडून साठवलेली मराठी फाईल अजूनही पेनड्राइव्हवरून आपल्याकडे येते. ती असते यूटीएफ-16 मध्ये. लिनक्सवर ती यूटीएफ-8 करायची म्हणून आपण आयकॉन्व्ह वापरून छोटा प्रोग्रॅम लिहिला. एलडीडीला विचारलं, याला काय काय लागतं? तो सांगतो, लिबसी आणि लोडर, बस्स. पण चालताना ग्लिबसी यूटीएफ-16 साठी आणखी एक लायब्ररी गुपचूप आणते. एलडीडी फक्त सुरुवातीची यादी दाखवतो, वाटेत कोण चढलं ते त्याला ठाऊक नसतं.

मग पकडायचं कसं? पहिला उपाय बहुतेकांना माहीत असतो, एलडी_प्रीलोड. एखाद्या फंक्शनचं नाव शोधताना लोडर ठरलेल्या क्रमाने जातो. आधी मूळ प्रोग्रॅम, मग प्रीलोड केलेल्या लायब्रऱ्या, मग बाकीच्या. पहिल्यांदा जिथे नाव सापडेल तिथेच शोध थांबतो. भंडाऱ्यात हे समजवायला सोपं आहे. मामा तलावाच्या पाटावर ज्याची बांधी आधी, त्याच्या धानाला पाणी आधी. फरक एवढाच की इथे पहिल्या बांधीवाल्याने स्वतः पुढे सोडलं नाही, तर मागच्याला थेंबही मिळत नाही.

तर आपण डीएलओपन याच नावाचं स्वतःचं फंक्शन लिहायचं, आलेलं नाव छापायचं आणि पाणी पुढे सोडायचं. म्हणजे डीएलसिमला आरटीएलडी_नेक्स्ट देऊन खऱ्या डीएलओपनचा पत्ता घ्यायचा आणि त्याला हाक मारायची. सगळं मिळून पंधरा-वीस ओळी. (ग्लिबसी 2.34 च्या आधीची असेल तर लिबडीएल वेगळी जोडावी लागते. 2021 मध्ये ती लिबसीतच सामावली.)

आता हे लावून आपला मराठी फाईलवाला प्रोग्रॅम चालवा. फाईल बरोबर बदलते, आणि आपलं फंक्शन मात्र गप्प! बऱ्याच जणांना वाटतं कंपाइल करताना चुकलं. चुकलेलं काही नाही. लिबसी आतल्या आत स्वतःच्या खासगी वाटेने ती लायब्ररी आणते, डीएलओपन या नावाने हाक मारतच नाही. सुरुवातीच्या यादीतल्या लायब्रऱ्यांचंही तसंच, त्या लोडर स्वतः आणतो. प्रीलोडला दिसतं ते एवढंच, की प्रोग्रॅमने तोंडाने काय मागितलं.

यात आणखी एक खोच आहे, आणि ती लवकर ध्यानात येत नाही. नुसतं नाव देऊन लायब्ररी मागितली, तर डीएलओपन कोणी बोलावलं हे लोडर पाहतो आणि त्या बोलावणाऱ्याच्या रनपाथमध्ये शोधतो. आपण मध्ये उभे राहिलो की बोलावणारे आपणच ठरतो! मग एरवी नीट चालणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचं प्लगिन सापडेनासं होतं. पाळत ठेवायला गेलो आणि चालतं काम बंद पाडलं.

म्हणून दुसरा उपाय, एलडी_ऑडिट. तो ग्लिबसीत 2.4 या आवृत्तीपासून आहे, कल्पना मुळात सोलारिसची. यात आपण मध्ये उभे राहत नाही, लोडरच आपल्याला कळवतो. आपल्या लायब्ररीत एलए_व्हर्जन असलंच पाहिजे, त्यातून आवृत्तीचा आकडा परत द्यायचा. एलए_ऑब्जओपन लिहिलं की मेमरीत चढणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचं नाव हातात येतं. यूटीएफ-16 वालीसुद्धा इथे सापडते. एलए_ऑब्जसर्च तर शोध चालू असतानाच विचारतं, हा पत्ता चालेल का? आपण दुसरा पत्ता देऊ शकतो, किंवा नल परत देऊन ती वाट बंद करू शकतो. लायब्ररीची नवी आवृत्ती तपासून पाहायला आम्हाला हे फार सोयीचं वाटतं. ऑडिट लायब्ररी स्वतःच्या वेगळ्या नेमस्पेसमध्ये राहते, त्यामुळे मूळ प्रोग्रॅमच्या नावांशी तिची गल्लत होत नाही.

स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रॅमवर यातलं काहीच चालत नाही. सेटयूआयडी प्रोग्रॅमसाठी लोडर या दोन्ही व्हेरिएबलवर कडक बंधनं घालतो. नाहीतर कोणीही रूट झाला असता.

पण लोडरच्या आत शिरायला व्हेरिएबलच लागतं असं नाही. मार्च 2024 मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं. मागोवा घेतल्यावर एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदार सापडलं. एसएसएचडीला लिबएलझेडएमए मुळात लागतच नाही. काही डिस्ट्रोंनी त्याला लिबसिस्टमडी जोडली होती, तिच्या मागून ती आत आली. लोडर नावं जुळवत असतानाच तिने लोडरच्या ऑडिट यंत्रणेत आपली कडी अडकवली, आणि आरएसए_पब्लिक_डिक्रिप्ट हे नाव येताच त्या जागी स्वतःचा पत्ता बसवला. आपण आत्ता पाहिलेलं तेच दार, फक्त आतून उघडलेलं.

त्याच वर्षी सिस्टमडीच्या 256 व्या आवृत्तीत लिबसिस्टमडीने कॉम्प्रेशनच्या लायब्रऱ्या सुरुवातीला न आणता गरज पडेल तेव्हाच डीएलओपनने आणायला घेतल्या. एलडीडीची यादी त्यामुळे आणखी आखूड झाली. मग यादीबाहेर काय येऊ शकतं ते कळावं म्हणून ईएलएफ फाईलमध्येच तशी नोंद ठेवायची पद्धतही त्यांनी त्याच आवृत्तीत आणली. प्रत्यक्षात काय चढलं, ते मात्र ऑडिट लावूनच पाहावं लागतं.