चुकीच्या किमतीची ऑनलाइन ऑर्डर रद्द झाली, तर आपला हक्क काय?

दसरा-दिवाळी जवळ आली की मोबाइलवर सवलतींच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी खरेदी म्हटली की गणपत गल्ली नाहीतर खडे बाजार. आता मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळे घरबसल्या मागवले जाते. मग एखाद्या दिवशी वीस-पंचवीस हजारांची वस्तू दोन हजारांत दिसते. घाईने ऑर्डर होते, पैसे जातात, 'ऑर्डर कन्फर्म' असा मेसेजही येतो. दुसऱ्या दिवशी दुसरा मेसेज येतो : 'किमतीत चूक झाल्याने आपली ऑर्डर रद्द करण्यात येत आहे.'

कंपनीला असे करता येते का, हा प्रश्न सभासद वारंवार विचारतात. थोडक्यात उत्तर असे : भरलेले सगळे पैसे परत मिळणे हा आपला निर्विवाद हक्क आहे. मात्र तीच वस्तू त्याच किमतीत मिळेल की नाही, हे परिस्थितीवर अवलंबून असते. ती परिस्थिती कशी ओळखायची, ते समजून घेऊ.

चूक होते कशी?

मोठ्या संकेतस्थळावर हजारो विक्रेते असतात आणि किमती बहुतेक वेळा मोठ्या याद्यांतून एकदम भरल्या जातात. एक शून्य राहून जाते, दशांश चिन्ह सरकते किंवा दोन सवलती एकावर एक लागू होतात. काही विक्रेते किमती आपोआप बदलणारे सॉफ्टवेअर वापरतात. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच एका सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे ॲमेझॉनवरील कित्येक लहान विक्रेत्यांच्या वस्तू एका पेनीला विकल्या गेल्या. बऱ्याच ऑर्डरी रद्द झाल्या, पण काही माल तोपर्यंत रवानाही झाला होता. त्याचा फटका घरगुती पातळीवर धंदा करणाऱ्यांना बसला.

करार पक्का कधी होतो?

आपल्याकडे याचा पाया भारतीय करार कायदा, १८७२ हा आहे. प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार झाल्यावर करार होतो. दुकानाच्या काचेत लावलेली किंमत हा सर्वसाधारणपणे प्रस्ताव धरला जात नाही, ते प्रस्ताव देण्याचे आमंत्रण असते. ग्राहक 'मला हे द्या' म्हणतो तो प्रस्ताव आणि दुकानदार 'घ्या' म्हणतो तो स्वीकार.

ऑनलाइन कंपन्या याचाच आधार घेतात. त्यांच्या अटींमध्ये बहुधा असे लिहिलेले असते की, ऑर्डर मिळाल्याचा मेसेज ही फक्त पोच आहे आणि माल रवाना झाल्यावरच ऑर्डर स्वीकारली असे समजावे. ही अट आपण न वाचताच मान्य केलेली असते. म्हणून माल निघण्यापूर्वी ऑर्डर रद्द झाली तर 'करार झालाच नव्हता' असे कंपनी म्हणते.

करार झाला असेल, तर मात्र चित्र बदलते. याच कायद्याचे कलम २२ सांगते की, केवळ एका पक्षाचा गैरसमज झाला एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही. त्यामुळे सगळा वाद 'करार कधी झाला' या एका मुद्द्यावर येऊन ठेपतो.

आयोगांनी काय म्हटले?

या बाबतीत ओडिशातील एक प्रकरण महत्त्वाचे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थ्याला ॲमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याने ऑर्डर दिली, ती कन्फर्म झाली आणि थोड्याच वेळात किमतीचे कारण सांगून रद्द झाली. त्याने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. 'आम्ही फक्त बाजारपेठ पुरवतो, विक्रेता वेगळा असतो' हा कंपनीचा बचाव टिकला नाही. जाहिरात केली, ऑर्डर आली आणि ती कन्फर्म केली म्हणजे करार पूर्ण झाला, असे राज्य आयोगाने मानले. २०२१ मध्ये भरपाई वाढवून खर्चासह ४५,००० रुपये देण्याचा आदेश झाला. लॅपटॉप मात्र १९० रुपयांत मिळाला नाही, भरपाई मिळाली. हा फरक लक्षात ठेवावा.

दुसरे प्रकरण मुंबईचे. जुलै २०२२ मध्ये दादरच्या एका ग्राहकाने फ्लिपकार्टवर आयफोनसाठी ३९,६२८ रुपये भरले. काही दिवसांनी ऑर्डर रद्द झाली. घरी कोणी भेटले नाही, असे कारण देण्यात आले आणि नव्याने ऑर्डर द्यायला सांगितले गेले. तोपर्यंत किंमत सुमारे ७,००० रुपयांनी वाढली होती. जास्त नफ्यासाठी ऑर्डर रद्द करणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे जिल्हा आयोगाने २०२४ मध्ये ठरवले आणि १०,००० रुपये भरपाई व खर्च देण्यास सांगितले. इथे किंमत चुकलेली नव्हती. म्हणून रद्द करण्याचे कारण खरे आहे की सबब, हे आधी तपासावे. तीच वस्तू लगेच वाढीव दराने पुन्हा विक्रीला आली असेल, तर आपली बाजू भक्कम होते.

चूक उघड दिसत असेल तर?

आता दुसरी बाजू. जानेवारी २००३ मध्ये सिंगापूरच्या एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. ऑर्डरी कंपनीने रद्द केल्यावर ते न्यायालयात गेले आणि हरले. किंमत चुकीची आहे हे त्यांना ठाऊक होते आणि ठाऊक असून त्यांनी फायदा घेतला, असे न्यायालयाने म्हटले. २००५ मध्ये अपिलातही हाच निकाल कायम राहिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातला विचार आपल्यालाही पटण्यासारखा आहे.

बँकेतले उदाहरण घ्या. एखाद्याच्या खात्यात दुसऱ्याचे पैसे चुकून जमा झाले, तर ते त्याचे होत नाहीत. चुकीने मिळालेले पैसे परत केले पाहिजेत, असे करार कायद्याचे कलम ७२ सांगते. त्यावेळी 'मी काय चोरी केली का?' हा युक्तिवाद चालत नाही.

शिवाय खासबाग, वडगाव, शहापूर हा विणकरांचा भाग. आपल्यातलीच काही मुले घरच्या साड्यांचे फोटो टाकून ऑनलाइन विकतात. ४,५०० ऐवजी ४५० असे टाइप झाले आणि रात्रीत पन्नास ऑर्डरी आल्या, तर त्या विणकराने पन्नास साड्या त्या भावाने द्याव्यात का? आपल्याला इथे जो न्याय योग्य वाटतो, तोच ग्राहक म्हणूनही लावावा. विक्रेत्याने मात्र चूक दिसताच लगेच कळवावे, पैसे त्याच दिवशी परत पाठवावेत आणि दिलगिरी व्यक्त करावी. चार-पाच दिवस पैसे अडकवून मग 'चूक झाली' म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही.

ऑर्डर रद्द झाल्यास काय करावे?

१. ऑर्डर क्रमांक, दिसलेली किंमत, कन्फर्म झाल्याचा आणि रद्द झाल्याचा मेसेज यांचे स्क्रीनशॉट लगेच घ्यावेत. वस्तूचे पान बदलले की पुरावा जातो.

२. पैसे ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने परत मागावेत. पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनांमध्ये तसेच म्हटले आहे. आपली संमती असेल तरच पैसे वॉलेटमध्ये किंवा कूपनरूपात स्वीकारावेत.

३. 'रिफंड केला' असे कंपनी म्हणते आणि खात्यात मात्र काही नाही, असे झाल्यास व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागावा. कार्डासाठी एआरएन, यूपीआयसाठी यूटीआर. तो क्रमांक दिल्यावर बँकेला शोध घेणे सोपे जाते.

४. खरेदी ईएमआयवर असेल, तर हप्ता बंद झाला का ते बँकेकडे विचारावे. पैसे परत आले तरी हप्ता सुरू राहिल्याचे प्रकार घडतात.

५. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे.

६. तरीही दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही तक्रार सांगता येते. सीमाभागातील आपल्या ज्येष्ठांना ही सोय विशेष उपयोगी आहे.

७. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला बेळगावात. कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत की मुंबईत, याची चिंता नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

एक इशारा. रिफंड देतो म्हणून कोणी फोन करून लिंक पाठवली, ओटीपी मागितला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तसेच अनोळखी संकेतस्थळावर अविश्वसनीय स्वस्त किंमत दिसली, तर ती चूक नसून फसवणूक असण्याचीच शक्यता अधिक असते. अशा ठिकाणी आगाऊ पैसे भरू नयेत.