कुत्रा घेऊन रेल्वेने जायचंय? आधी पार्सल ऑफिसला विचारा

ब्रह्मपुरी : शेतावर जागलीला जायचं तर आपल्याकडे कुत्रा लागतोच. रानडुक्कर येवो की वाघ, आधी तोच भुंकतो. म्हणून चांगला कुत्रा असला की लोक लांबून घेऊन येतात.

मागच्या हिवाळ्यात मीही एक आणला. पॅसेंजरमध्ये सीटखाली बांधून निवांत बसलो, तर तिकीट तपासनीस आला. पावती फाटली. चूक माझीच होती. बुकिंग न करता कुत्रा सापडला तर सामानाच्या दराच्या सहापट पैसे लागतात, हे तेव्हा कळलं.

नियम असा आहे. जनरल, स्लीपर, थर्ड एसी, सेकंड एसी, यातल्या कोणत्याच डब्यात कुत्रा नेता येत नाही. फर्स्ट एसीत नेता येतो, पण दोन किंवा चार बर्थची पूर्ण खोली आपल्या नावावर पाहिजे. ते आपल्या खिशाला झेपणारं नाही. दुसरा रस्ता म्हणजे गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. त्यासाठी बल्लारशासारख्या मोठ्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच विचारून घ्या आणि गाडीच्या तीन तास आधी पोचा. रेबीजच्या लसीचा आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला सोबत ठेवा. पट्टा, साखळी, खाणं-पाणी आपलं आपणच न्यायचं.

आता अंध माणसाचं. वाट दाखवायला शिकवलेला कुत्रा सोबत असेल आणि दुसरं माणूस नसेल, तर अशा अंध प्रवाशाला कुत्र्यासह फर्स्ट क्लासने जायची मुभा रेल्वेच्या नियमात आहे. पण मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा या लाईनच्या पॅसेंजरला फर्स्ट क्लासचा डबाच नाही. अन् तसा शिकवलेला कुत्रा आपल्या गावात कोणी पाहिला? आपल्याकडे आंधळ्या म्हाताऱ्याची काठी धरून नातूच पुढे चालतो.

त्या नातवाला मात्र सवलत आहे, ती बरेच जण मागतच नाहीत. पूर्ण अंध प्रवाशाला रेल्वेत जनरल आणि स्लीपरला 75 टक्के सूट मिळते, तेवढीच सोबत्यालाही. एसटीत अंध-दिव्यांगांना 75 टक्के आणि अपंगत्व 65 टक्के किंवा जास्त असेल तर मदतनिसाला 50 टक्के. प्रमाणपत्र घरच्या पेटीत ठेवून काही होत नाही, कंडक्टरला दाखवावं लागते.

शेळी-कोंबडीचं विचाराल तर बाजाराच्या दिवशी एसटीत कोंबड्यांची टोपली चढते, हे आपण पाहतोच. पण गाडी भरली असली तर कंडक्टर नाही म्हणू शकतो. तेव्हा भांडू नका, आधी विचारून चढा. आजारी शेळी तर बसमध्ये नेऊच नका. 1962 हा टोल-फ्री नंबर लावा, फिरत्या दवाखान्याची गाडी गावात येते. फोनवर गावाचं नाव, तालुका अन् जनावराला काय होतंय, एवढं सांगायचं.